‘गॅस-लुब्रिकेटेड बेअरिंग’ला मराठीत काय म्हणावं?

खानापूर : आयटीआयच्या पोरांसाठी अचूक यंत्रांवर मराठीत टिपण लिहितोय. ‘वायुवंगित धारवा’ लिहिलं तर चालेल का? आमच्याकडं वंगण म्हणजे बैलगाडीच्या आसाला घालतात ते काळं, चिकट. हवेला वंगण म्हणायचं म्हणजे कानाला खटकतंय.

उद्यमबाग, बेळगाव : वंगण चालेल सर, धारवा नको. विश्वकोशात असू दे, पण शॉपमध्ये ‘धारवा आण’ म्हटलं तर पोरगं धारवाडला जाईल! बेअरिंगच ठेवा.

वंगणाचं काम चिकटायचं नाही, दोन पृष्ठभाग एकमेकांना लागू द्यायचे नाहीत एवढंच. ते हवाही करते. फक्त ती तेलापेक्षा हजारपटीनं पातळ, म्हणून फट काही मायक्रॉनचीच लागते आणि शाफ्ट आणि तो ज्यात फिरतो त्या बुशचं ग्राइंडिंगही त्याच तोलाचं. आमच्या सीएमएमचा, म्हणजे मापं घेणाऱ्या यंत्राचा, पूल (सरकती कमान) ग्रॅनाइटवर असाच तरंगतो. कॉम्प्रेसर बंद केला की जागचा हलत नाही. गंमत म्हणजे या वंगणाला तेल अजिबात खपत नाही, हवा येते ती बारीक भोकं बुजतात. आणि तापल्यावर तेल पातळ होतं, हवेची विष्यंदिता (वाहण्याला होणारा विरोध) मात्र वाढते.

निपाणी : वंगणाला माझीही हरकत नाही, पण सगळ्यांना एकच नाव देऊ नका. जाती दोन आहेत. एकीत दाबाची हवा बाहेरून सोडतात, ती एरोस्टॅटिक. शाफ्ट थांबलेला असला तरी तरंगतो. दुसरीत शाफ्ट वेगानं फिरताना स्वतःच हवा फटीत ओढतो, ती एरोडायनॅमिक. सुरू होताना आणि थांबताना ती घासते. विमानाच्या केबिनची हवा थंड करणाऱ्या यंत्रात फॉइल बेअरिंग असतात, ती या दुसऱ्या जातीची. मी ‘दाबहवा’ आणि ‘स्वयंदाब’ म्हणेन.

खानापूर : घेतले दोन्ही. बेअरिंगचं वागणं गणितात मांडतात त्या ‘मॉडेलिंग’ला साचा म्हणू?

उद्यमबाग, बेळगाव : नको हो! इथं गल्लोगल्ली फौंड्री. साचा म्हटलं की पोरं वाळू चाळायला घेतील. ‘गणिती प्रतिमान’ बरं.

निपाणी : त्याचा पाया रेनॉल्ड्सचं १८८६ चं समीकरण, फटीतल्या थरातला दाब सांगणारं. तेलाची घनता कायम धरता येते. हवा दाबली की घनताही बदलते, समीकरण अरेषीय होतं, मग संगणकावर सोडवायचं. हार्ड डिस्कच्या हेडखाली तर फट इतकी बारीक की हवा सलग मानताच येत नाही, ती भिंतीलगत घसरते. तिथं समीकरणात घसरणीची दुरुस्ती जोडतात.

‘व्हर्ल’ मात्र टिपणात हवंच. वेग वाढला की शाफ्टचा मध्य साधारण निम्म्या वेगानं बुशच्या आत फिरायला लागतो. आवरलं नाही तर बेअरिंग जातं. ‘घिरटी’ कसं वाटतं?

खानापूर : घिरटी झकास. आणि दाबहवा बेअरिंगमधलं ‘हॅमरिंग’? ठोका?

उद्यमबाग, बेळगाव : ठोका म्हटलं तर कोणीतरी बाहेरून मारतंय असं वाटतं. इथं भोकाच्या तोंडाशी असलेल्या खळग्यातली हवाच कमीजास्त दाबून थरथर उठवते. खळगा मोठा ठेवला की हमखास. हॅमरिंगच राहू दे, आणि खळगा लहान ठेवा हे पुढं कंसात लिहा.