दहावीनंतर इलेक्ट्रिशियन: आयटीआय, डिप्लोमा की सरळ उस्तादाच्या हाताखाली?

सांगवीकर
भाच्याला दहावीला 64 टक्के पडलेत. पुस्तकात पोराचा जीव रमत नाही पण बंद पडलेला मिक्सर, पंखा काही हाती लागू द्या, उघडून बसतो. इलेक्ट्रिशियन व्हायचं हे त्याचं स्वतःचं ठरलंय, भांडण रस्त्यावरून आहे. ताई म्हणते पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल डिप्लोमा कर, दाजी म्हणतात ओळखीतल्या वायरमनच्या हाताखाली उद्यापासून जा, दोन पैसे तरी येतील. मी म्हणतो आयटीआय इलेक्ट्रिशियन दोन वर्ष, मग एक वर्ष अप्रेंटिस, आणि मग तारतंत्री म्हणजे वायरमनचा परवाना, ज्याला आपल्याकडे अजून पीडब्ल्यूडी लायसन म्हणतात तेच. ज्याच्याकडे कागद नाही तो चाळिशीतही दुसऱ्याच्या लायसनवर काम करतो, हे आजूबाजूला रोज बघतोय. पटत नसेल तर बिनधास्त लिहा, फक्त आजकालच्या पोरांना कष्ट नकोत हे रडगाणं नको.

झिरीवाला
माझं नाव झिरीवाला का ते ओळखा. भिंतीला झिऱ्या, म्हणजे वायरचा पाईप बसवायच्या खाचा, मारत मोठा झालोय. आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्याकडे दरवर्षी आयटीआयची पोरं येतात, सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं. स्लॅबचं पायपिंग करायला सांगितलं की इकडे तिकडे बघतात. सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबच्या फळ्यांवर, सळई बांधून झाली की काँक्रीट पडायच्या आत आपल्याला फॅन बॉक्स आणि पाईप टाकून मोकळं व्हायचं असतं, तिथे इंजिनिअर बोंबलतोय, मिक्सर चालू झालाय, आणि हा पोरगा पाईपचा बेंड कुठे द्यायचा विचारतोय. एक बेंड चुकला की नंतर स्प्रिंग टाकून वायर ओढताना रडू येतं, मग स्लॅब फोडा. हे लाकडी बोर्डावर दोन स्विच एक होल्डर लावून शिकता येत नाही. दाजींचं बरोबर आहे, हाताखाली पाठवा.

मेगर
झिरीवाला, पायपिंगचं मान्य. पण तुमच्यातल्याच एकाने केलेलं काम सांगतो. आमच्या बिल्डिंगमधे एका फ्लॅटचं रिनोव्हेशन झालं, मालकाने हौसेने 30 मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घेतली. किचनचं काही लावलं की ट्रिप. वायरमन म्हणाला माल खराब आहे, बदलली. नवी पण ट्रिप. शेवटी गड्याने आरसीसीबी बायपास करून टाकली आणि म्हणाला आता बघा कसं मस्त चालतंय. मी उघडून बघितलं तर बेडरूमचा आणि किचनचा न्यूट्रल एका बोर्डात एकत्र पिळलेला, आणि आरसीसीबीमागे फक्त किचन. जाताना जेवढा करंट तेवढाच परत आला पाहिजे, तो दुसऱ्या वाटेने निघून गेला की ही ट्रिप होणारच, तिचं कामच ते. माल चांगला होता, ज्याने वायर पिळली त्याला ती का ट्रिप होते हेच माहीत नव्हतं. वीस वर्षांचा अनुभव होता म्हणे.

झिरीवाला
असे चार जण आयटीआयवालेपण दाखवतो. थिअरीची परीक्षा आता कॉम्प्युटरवर पर्याय निवडायची, टिक मारून पास.

मेगर
दाखवा की. पण आयटीआयवाल्याला निदान ओहमचा नियम आणि मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, कशाला लावतात हे एकदा तरी कानावरून गेलेलं असतं. हाताखाली शिकलेल्याला उस्तादाला जेवढं येतं तेवढंच येणार, उस्तादाच्या चुकांसकट.

पॉलीवाला_नगर
दोघंही छोटा विचार करताय. डिप्लोमा तीन वर्षांचा, पास झाल्यावर अनुभव दाखवला की सुपरवायझर सर्टिफिकेट मिळतं. कायद्याने वायरिंगचं काम लायसनधारक काँट्रॅक्टरने, सर्टिफिकेटवाल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, परवानाधारक वायरमनकडून करायचं असतं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं तेवढं यातून सुटतं. म्हणजे या शिडीत वायरमन सगळ्यात खाली. पोराला खालच्या पायरीसाठी तीन वर्ष घालवायला लावण्यापेक्षा त्याहून थोड्याच जास्त वेळात वरच्या पायरीवर का नको? आणि काँट्रॅक्टर लायसन काढायचं तर मेगर, अर्थ टेस्टर वगैरे घेऊन, सुपरवायझर दाखवून ते काढता येतं. डिप्लोमावाला स्वतःच सुपरवायझर.

सांगवीकर
पॉली, कागदावर बरोबर. पण गणिताला घाबरणारं पोर आहे हो. पहिल्या वर्षाला मॅथ्स, मेकॅनिक्स, बॅक राहिले की घरी बसेल. आणि आयटीआय करूनही थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाला जाता येतं, तो दरवाजा काय बंद होत नाही.

पॉलीवाला_नगर
जाता येतं, पण जातात किती? हातात पैसे यायला लागले की कोण परत बाकावर बसतंय. आणि गणित बुडालेलं असताना थेट दुसऱ्या वर्षाला बसवलं तर आणखीनच गटांगळ्या खाणार. मला पटलेलं नाही, नोंद घ्या.

विदर्भीय_लाइन
राजेहो, एक गोष्ट कोणीच नाही बोलून रायलं. महावितरणची विद्युत सहाय्यकची जाहिरात वाचा, तिथे वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री हाच आयटीआयचा ट्रेड मागतात. 2023 ची जागा निघाली तवा 5347 पोस्ट होत्या. डिप्लोमावाला पोरगा त्यात बसत नाही, अन् उस्तादाकडचा तर फॉर्मच नाही भरू शकत. अन् सहा महिन्याच्या क्लासचं सर्टिफिकेटही चालत नाही, आमच्या गावात असे क्लास फी घेऊन बसले आहेत. सहाय्यक म्हणजे सुरुवातीला तीन वर्ष कंत्राटी मानधन, मंग तंत्रज्ञ. पोलवर चढा लागते, पावसात डीपी (ट्रान्सफॉर्मर) बंद पडला की रात्री जा लागते, सांगून ठेवतो. पण आमच्याकडे अजूनही याच्याहून चांगली गोष्ट नाही.

झिरीवाला
5347 जागा आणि अर्ज किती? सगळे लाइनमन होणार का? उरलेल्यांचं काय?

विदर्भीय_लाइन
उरलेल्यांकडे निदान ट्रेड तर राहते ना भाऊ. तुमच्याकडून निघाला की काय राहते?

झिरीवाला
धंदा राहतो. गिऱ्हाईक राहतं.

स्वाती_वीजतंत्री
मी आयटीआय इलेक्ट्रिशियन केलंय. आमच्या बॅचला 20 जणांत आम्ही दोघीच मुली. झिरीवाला दादा, तुम्ही सांगा, मी तुमच्याकडे हाताखाली काम मागायला आले असते तर घेतलं असतं का? मला तर घरगुती काम करणाऱ्या एकानेही उभं केलं नव्हतं, "ताई, शिडीवर चढणार का तुम्ही?" ऐकून आले. अप्रेंटिसला कारखान्यात मात्र कागद बघितला आणि घेतलं. तिथे पॅनेलवर काम केलं, मोठी मोटार हळूहळू सुरू करणारा स्टार डेल्टा स्टार्टर जोडून मोटार सुरू करायला मिळाली, साहेब पाठीमागे उभे राहायचे. म्हणून उस्तादाकडे शिका म्हणणं ज्याच्यासाठी उस्ताद दार उघडतो त्याला सोपं जातं. बाकीच्यांसाठी आयटीआयचं मेरिट लिस्टचं दार बरं, तिथे फक्त मार्क बघतात.

झिरीवाला
स्वाती ताई, खरं सांगू का, नसतं घेतलं. आता विचारलंत तर घेईन, पण तेव्हा नाही.

मेगर
आता मूळ दुखण्यावर येऊ. नवीन मीटर घ्यायचा तर लायसनवाल्या काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. कित्येक ठिकाणी काम करणारा वेगळा आणि सही करणारा वेगळा, सही करणाऱ्याने साइटचं तोंड पाहिलेलं नसतं, अर्थिंगचा आकडा घरी बसून लिहिलेला. लायसन भाड्याने. झिरीवाला, तुम्ही स्वतःच्या लायसनवर काम करता का?

झिरीवाला
नाही. मित्राचं आहे, प्रत्येक रिपोर्टमागे त्याला द्यावे लागतात. म्हणूनच तर म्हणतो ना, पोराला काम आधी शिकू दे, परवान्याची परीक्षा नंतर देता येते.

सांगवीकर
बघा, म्हणजे दरवर्षी पोरं हाताखाली घेणारा माणूस दर रिपोर्टला मित्राच्या खिशात पैसे घालतोय. परीक्षा नंतर देता येते हे तुम्ही पण कधीतरी म्हणाला असाल ना? संसार लागला की कोण अभ्यासाला बसतंय. आयटीआय झालेला असेल तर अनुभवावर तारतंत्री परीक्षेतून सूट मागता येते, तो फायदा सोडायचा कशाला. तुमचं पायपिंगचं म्हणणं मात्र घेतो. आयटीआयला सरकारी कॉलेज पहिलं ऑप्शन टाकतोय, खासगीत वर्कशॉपमधे मोटारी दिसल्याशिवाय फी भरणार नाही. रविवारी आणि मे महिन्यात पोराला तुमच्या साइटला पाठवलं तर?

झिरीवाला
पाठव. झिरी मारेल, पाईप टाकेल, वायर ओढेल. चालू लाइनला हात लावू देणार नाही, मेन पाडून टेस्टर लावून बघायचं, मगच हात, हे पहिल्या दिवशी सांगणार. बूट घालून यायचं, चप्पल नाही.

पॉलीवाला_नगर
ताईला विचारलं का कोणी?

सांगवीकर
ताईला आज रात्री सांगतो. थाळी आपटली तर इथेच लिहीन.