सल्ला हवा: श्वास मोजणारा कापडी पट्टा एका धुण्यात मेला

कर्वेनगरी: इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टसाठी छातीला बांधायचा पट्टा करतोय. श्वास घेतला की कापड ताणतं, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बदलतो, त्यावरून श्वास मोजायचे. कोऱ्या मांजरपाटावर कार्बन नॅनोट्यूबची (कार्बनच्या अतिसूक्ष्म, वीज वाहणाऱ्या नळ्यांची) शाई लावली. दोन दिवस कसंबसं चाललं. मग आईने पट्टा बादलीत भिजवला. पाणी काळं, मीटर गप्प. अडीच हजार उरलेत. काय करू?

जुना_मागवाला: कोरा मांजरपाट म्हणजे खळ तशीच, वर कापसाचं मेण. शाई सुतापर्यंत पोचलीच नसणार. रात्रभर पाण्यात भिजवा, मग धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा. पाण्याचा थेंब टाकताक्षणी शोषला गेला की झालं. आणि मांजरपाट ताणतो का हो कधी? होजिअरीचं घ्या. जुना बनियनसुद्धा चालेल.

पाषाणरोड: +१ बनियनला. नॅनोट्यूबऐवजी ग्राफीन ऑक्साइड (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) बघ. त्याच्यावर ऑक्सिजनचे गट असतात, ते सुताला धरून बसतात. पण ते स्वतः वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून बुडवून वाळवल्यावर व्हिटॅमिन सी घातलेल्या गरम पाण्यात ठेवायचं. तपकिरी कापड काळं पडलं की जमलं. बुडवणं-वाळवणं-काळं करणं चारपाच वेळा कर, दर वेळी रेझिस्टन्स उतरताना दिसेल. शेवटी सिलिकॉनचा पातळ थर दे. घामातलं मीठही वीज वाहतं, रीडिंग बोंबलतं.
नॅनोट्यूबची कोरडी भुकटी घरात उघडू नकोस. फुप्फुसात गेली तर महागात पडेल. शाईच बरी.

पेठेतला: कापडापासून सर्किटपर्यंत तारा कशाच्या? साधी वायर वाकून वाकून तुटते. जर वापर! खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. तुला तांब्याची नकली पुरे. मात्र हल्ली बरीचशी जर प्लास्टिकची असते, ती नुसतीच चमकते. रविवार पेठेत, बोहरी आळीत जा. मीटर घेऊन जा.

कर्वेनगरी: गेलो होतो. पाचव्या रिळाला मीटर वाजलं. दुकानदार म्हणाले, "चांदी तपासायला आलात काय?" जर घेतली. बाबांचा बनियन सोड्यात उकळतोय, जुन्या पातेल्यात. आईला सांगून ठेवलंय, याला हात लावू नकोस.

जुना_मागवाला: बाबांना सांगितलंत का?