'फुसुमा'ला मराठीत काय म्हणावं?

प्राजक्त:
महाविद्यालयात जपानी लेखक नात्सुमे सोसेकींची 'कोकोरो' (1914) ही कादंबरी शिकवते आहे. पुस्तक इंग्रजी अनुवादातून, पण वर्गातलं बोलणं सगळं मराठीत. शेवटच्या भागात अडलेय. तरुणपणीचा सेन्सेई (म्हणजे 'गुरुजी', कादंबरीत त्याला याच नावानं हाक मारतात) आणि त्याचा मित्र 'के' एकाच घरात भाड्यानं राहतात. सेन्सेईची खोली आठ तातामींची (जमिनीवर अंथरायच्या जाड चटया, खोली त्यांवर मोजतात), तिला लागून केची चार तातामींची. मधे फुसुमा, म्हणजे कागद लावलेला सरकता आडोसा. एका रात्री तो फुसुमा दोनेक फूट सरकतो, फटीत केची काळी सावली उभी, मागे दिवा. 'झोपलास का?' एवढंच विचारतो आणि पुन्हा लावून घेतो. पुढे के जीव देतो त्या रात्री उशाशी गार वारा लागून सेन्सेईला जाग येते. पाहतो तर फुसुमा तेवढाच उघडा.

मी वर्गात 'सरकतं दार' म्हटलं. एका मुलानं विचारलं, "मग सेन्सेईनं आतून कडी का नाही लावली?" दुसरीच्या डोळ्यांसमोर फ्लॅटच्या बाल्कनीचं काचेचं दार आलं होतं. म्हणजे सगळंच हातचं गेलं. दोघं एकाच मुलीवर जीव लावून बसलेत, मधे फक्त कागद आहे, एकानं कूस बदलली तरी दुसऱ्याला ऐकू जातं आणि तरी सेन्सेई मनातलं बोलत नाही. हे 'दार' या शब्दात येत नाही. कुणाला मराठी शब्द सुचतोय का?

खाडीकाठ:
कूड म्हणा. राजापूरकडच्या आमच्या जुन्या घरात माजघर आणि बाळंतिणीची खोली यांत कूडच होता. कारवीच्या काठ्या, वरून शेणमातीचा गिलावा. आजी पलीकडे नुसती उसासली तरी इकडे कळायचं. कुडाला कान असतात म्हणतात ते उगीच नाही.

तोक्योवासी:
ऐकू येण्यापुरता कूड ठीक, पण कूड सरकत नाही. फुसुमा म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर दोन्ही बाजूंनी कागदाचे थरावर थर, आणि तो खालच्या आणि वरच्या खोबणीत आडवा सरकतो. उचलून बाजूला काढला की दोन खोल्यांची एक होते. शोजीशी गल्लत करू नका. शोजीचा कागद पातळ, त्यातून उजेड येतो. फुसुमातून उजेड येत नाही, आवाज येतो. शिवाय केची खोली ओलांडल्याशिवाय सेन्सेईला स्वतःच्या खोलीत जाता येत नाही, हेही मुलांना फळ्यावर काढून दाखवा. तिथं कडी लावून बसणार कसं?

आणि एक. 'फुसुमा'चा जुना अर्थ पांघरूण. लिहायचं चिन्ह वेगळं, पण निजायच्या जागेच्या आडोशाला तेच नाव पडलं असं काही जण मानतात.

प्राजक्त:
पांघरूण! हे मला ठाऊक नव्हतं. दोन निजलेल्या माणसांच्या मधे. अंगावर काटा आला.

जुनी पाटी:
परका शब्द आहे तसाच ठेवायचा तर मुलांना मराठीत समजावता कशाला? 'महापौर', 'दिनांक' हे शब्द घडवले गेले तेव्हा लोकांना जड वाटले होते, आज कुणाला टोचत नाहीत. 'कागदी तट्टी' म्हणा. तट्टी हलकी असते, हलवता येते, आणि आडोसा एवढंच तिचं काम.

वऱ्हाडी:
तट्टी म्हटली की माझ्यापुढे बांबूची, उन्हाळ्यात पाणी मारलेली तट्टी येते. खोलीत गारवा, वाळ्याचा वास. त्या रात्रीशी काय संबंध?
शब्द तसाच घ्या. 'रिक्षा' जपानीच आहे ना! जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. आपण 'जिन' सोडलं, बाकीचं घेतलं, आणि माथेरानला माणसं ती खरोखर हातानं ओढत होती. कुणी मराठी प्रतिशब्द मागितला नाही.

जुनी पाटी:
रिक्षा दारात येऊन उभी राहिली, म्हणून शब्द आला. फुसुमा कुणाच्या दारात आलाय?

प्राजक्त:
वऱ्हाडी, तुमचं पटतंय. पण मग फुसुमा तो की ती? मी वर नकळत 'तो' लिहिलं. आकारान्त म्हणून पुल्लिंगी धरला तर 'फुसुम्याला' म्हणायचं, दरवाज्याला म्हणतो तसं? कानाला कसंतरीच लागतं. रिक्षाही आकारान्तच, पण ती 'ती' झाली, बहुतेक गाडीमुळे. वर्गात निम्मी मुलं 'ते फुसुमा' म्हणतात, त्यांच्या मनात अजून दारच आहे. मी सध्या 'फुसुमाला', 'फुसुमाच्या' असं ठेवलंय.
'एंगावा'ला मात्र मी सरळ ओसरी म्हणून टाकलं. शोजीच्या बाहेर, बागेच्या अंगाला असलेली लाकडी फळ्यांची अरुंद पट्टी. तिथं काही अडलं नाही.

कृष्णाकाठ:
अडायला हवं होतं! आमच्याकडे तो सोपा. ओसरी आम्ही पुस्तकातच वाचली.

खाडीकाठ:
सोपा केवढा ऐसपैस असतो! एंगावा अरुंद म्हणतायत ना त्या? मग पडवी. आमच्याकडे पायऱ्या चढलं की पडवी, मग ओटी, मग माजघर. आजी म्हणायची, पाऊस ओसरेपर्यंत जिथं थांबायचं ती ओसरी.

जुनी पाटी:
आजीची व्युत्पत्ती गोड आहे, पण नुसता आवाज जुळला म्हणून मूळ एक ठरत नाही. पाऊस तर पडवीतही ओसरेपर्यंतच थांबतो.

वऱ्हाडी:
आमची छपरी कुणी विचारातच घेत नाही.

तोक्योवासी:
एंगावाला छप्पर असतं, पण बसणं महत्त्वाचं. पाय बागेत सोडून, बाहेर तोंड करून बसायचं. ओसरीवर आपण भिंतीला टेकून बसतो, पाय पोटाशी घेऊन.

प्राजक्त:
हे बसण्याचं फार नेमकं आहे, उद्या सांगते. पण उद्याच त्या रात्रीचं पान घ्यायचंय. पुढे फुसुमावर रक्ताचे शिंतोडे आहेत. पांढऱ्या कागदावर आणि शेणानं सारवलेल्या कुडावर ते सारखे दिसणार नाहीत, म्हणून कूड मी सोडतेय. तट्टीबद्दल अजून ठरत नाही. आडोसा एवढंच तिचं काम, हे जुनी पाटी यांचं वाक्य मनातून जात नाही.

खाडीकाठ:
आमच्या कुडाला आतून चुना होता, पांढराच दिसायचा.

कृष्णाकाठ:
आणि सोपा ऐसपैसच असतो असं काही नाही. माझ्या आजोळचा सोपा दोन हातांचा होता, पाय खाली सोडूनच बसायचो आम्ही.