सॅटेलाइट फोनचा सेट बोलेरोत आणि गावच्या समाजमंदिरात बसवायचा आहे – सल्ला हवा (बजेट ३० हजार)

घाटमाथा_वेल्हे
नमस्कार मंडळी. आम्ही सिंहगड रोडवरची बारा-चौदा जणं पावसाळ्यात वेल्हे तालुक्यात मदतीचं काम करतो (तालुक्याचं नाव राजगड झालंय, पण तोंडात अजून वेल्हेच बसलंय). चुकलेले ट्रेकर शोधणं, दरड आली की रस्ता मोकळा होईस्तोवर माणसं सांभाळणं, साप चावलेल्याला खाली पोचवणं. पानशेत मागे पडलं की मोबाइलचा भरवसा नाही आणि लाइट गेली की उरलासुरला टॉवरही मान टाकतो.

यंदा संस्थेला बीएसएनएलचा सॅटेलाइट फोन मिळालाय, सगळी कागदपत्रं रीतसर करून. इन्मारसॅट कंपनीच्या उपग्रहांवर चालतो. तेव्हा कुठला फोन घ्यावा हा प्रश्न नाही, तो बसवायचा कसा हा आहे. गाडी २०१७ची बोलेरो, वर लोखंडी कॅरिअर. दुसरी जागा म्हणजे मढे घाटाच्या अलीकडच्या एका गावातलं समाजमंदिर. स्लॅबचं आहे, दक्षिणेला लागून आंब्याचं जुनं झाड आहे.

अँटेना मॅग्नेटची की भोक पाडून? केबल कुठली? करंट कुठून घ्यायचा? डॉक (फोन अडकवायचा स्टँड), अँटेना, केबल, मजुरी सगळं धरून ३० हजार आहेत. देणगीचे पैसे आहेत, ताणता येणार नाहीत.

चाकण_फिटर
भोक पाडा, दुसरा विचार करू नका. मी कारखान्यांच्या अग्निशमन गाड्यांना वायरलेस सेट बसवतो, सतरा वर्षं झाली. मॅग्नेटची अँटेना म्हणजे पाहुणा, फांदी लागली की गेली. आतलं छताचं अस्तर खाली घ्यायचं, वर मास्किंग टेप लावून मध्यावर खूण करायची, होल-सॉ (गोल भोक पाडायची करवत) सावकाश फिरवायचा. कडेचा बर कानशीने काढून उघड्या पत्र्याला लगेच प्रायमर. मग रबर गॅस्केट आणि त्यावर सिलिकॉन. प्रायमर विसरलात तर दोन पावसाळ्यांत गंज चढलाच म्हणून समजा.

कॅरिअर मात्र काढावा लागेल. लोखंडी पट्ट्यांखाली अँटेना ठेवून आकाश दिसत नाही. आणि ३० हजारात हे होणार नाही. चांगला डॉक आणि अँटेना यांतच तेवढे जातील. बजेट दुप्पट धरा.

कर्वेनगर_०७
दुबईला आमचे भाऊजी असतात. थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन तिथे दुकानात मिळतो. दिवाळीत येताना घेऊन येतील, डॉकबिकची भानगडच नको. व्यनि (खासगी निरोप) करा.

निवृत्त_दूरसंचार
कर्वेनगर, कृपया असलं काही करू नका आणि कुणाला सुचवूही नका. थुराया आणि इरिडियमचे फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगताही येत नाहीत. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून विनापरवाना यंत्र नुसतं जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. २६/११च्या हल्लेखोरांकडे थुरायाचा फोन होता, त्यानंतर तर नजर फारच कडक झाली. विमानतळांवर परदेशी पर्यटकांना यासाठी अटक झालेली आहे. तुमच्या भाऊजींना दिवाळी चौकीत काढावी लागेल.

धागाकर्त्यांना: परवानगीच्या पत्राची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गाडीत कायम ठेवा. नाकाबंदीत पोलिसांनी विचारलं तर संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावत बसावं लागू नये.

भोर_ते_महाड
चाकण फिटर यांच्याशी सहमत, भोकच पाडा.

करंटचं मात्र माझ्याकडून ऐका. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेऊ नका. मी घेतला होता, साध्या वायरलेस सेटला. वरंध घाटात दरडीपुढे रात्रभर अडकलो होतो, खड्ड्यांनी पिन सैल होऊन सेट दर दहा मिनिटांनी बंद पडायचा. शेवटी एकाने पिन हाताने दाबून धरली आणि दुसऱ्याने निरोप दिला. पहाटे गाडी चालू करायला गेलो तर बॅटरी संपलेली. तेव्हापासून थेट बॅटरीवरून चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर, प्लसला टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज. फ्यूज सेटजवळ लावून उपयोग नाही. वायर इंजिनापाशी घासून शॉर्ट झाली तर सेट वाचेल, गाडी पेटेल. वायर आत नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच. आणि व्होल्टेज उतरलं की सेट तोडणारा कटऑफ लावा. बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा १२.६ दाखवते, ११.८ला आली म्हणजे जवळपास रिकामी.

डेक्कन_जिमखाना
मूळ कल्पनाच कच्ची वाटते. आमच्याकडे जरा जोराचा पाऊस आला की डिश टीव्ही बंद. तुम्ही घाटात, जुलैत, सॅटेलाइटवर विसंबणार?

रोहिणी_आरएफ
डेक्कन, डिश टीव्ही आणि हा फोन यांची तुलना करू नका. डिश टीव्ही १० गिगाहर्ट्झच्या वर चालतो, त्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. इन्मारसॅटचा फोन एल बँडवर, १.५ ते १.६ गिगाहर्ट्झला चालतो. धो धो पावसाचाही त्याला म्हणण्यासारखा फरक पडत नाही. फरक पडतो तो ओल्या पानांचा. म्हणून धागाकर्त्यांची खरी अडचण ते आंब्याचं झाड आहे आणि त्यावर अजून कुणीच बोललेलं नाही.

उपग्रह भूस्थिर आहेत, विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. पुण्याकडून पाहिलं तर हिंदी महासागरावरचे हे उपग्रह दक्षिणेच्या बाजूला, क्षितिजापासून ६५ अंशांच्या आसपास दिसतात, म्हणजे चांगलेच वर. त्यामुळे लांबचा डोंगर सहसा आड येत नाही. आड येतं ते डोक्यावरचं: झाड, पागोळ्यांचा पत्रा, गाडीचं छत, पायथ्याशी उभं राहिलं तर कडा.

केबलबद्दल. बाजारात सर्रास मिळते ती आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीला १० मीटरमध्ये साधारण ७ डेसिबल खाते. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते, म्हणजे पलीकडे पाचवा हिस्सा पोचला. एलएमआर-४०० सारखी जाड केबल तेवढ्याच अंतरात दोनपेक्षा कमी घेते. अँटेनाबरोबर कंपनीची केबल आली असेल तर ती कापू नका, मध्ये जोडही देऊ नका.

तापकीर_गल्ली_रोज
केबलला एवढा खर्च कशाला? डिश टीव्हीची आरजी-६ घ्या, गल्लीत मीटरवर मिळते. आमच्या सोसायटीत सगळीकडे तीच आहे, बारा वर्षं तक्रार नाही.

रोहिणी_आरएफ
ती ७५ ओहमची, हा सेट ५० ओहमचा, जुळत नाही. शिवाय टीव्हीला नुसतं ऐकायचं असतं, फोनला बोलायचंही असतं.

तापकीर_गल्ली_रोज
चालते हो. मी स्वतः लावलेली आहे.

रोहिणी_आरएफ
सॅटेलाइट फोनला लावली आहे का?

तापकीर_गल्ली_रोज
नाही, सीसीटीव्हीला. पण केबल ती केबल.

पौड_फाटा
सॅटेलाइट म्हटल्यावर वर्ल्डस्पेसचा सॅटेलाइट रेडिओ आठवला. अँटेना पूर्वेच्या खिडकीत ठेवायची आणि सिग्नलच्या काड्या वाढेपर्यंत बोटबोट सरकवायची. उपग्रह १०५ अंश पूर्वेला होता, म्हणून ती खिडकी. बाबा पहाटे त्यावर शास्त्रीय संगीत लावायचे. ३१ डिसेंबर २००९ला बंद झालं, त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत रेडिओपाशी बसून होते. सेट अजून माळ्यावर आहे, टाकवत नाही.

डेक्कन_जिमखाना
पौड फाटा, आमच्याकडेही होता! तो आवाज परत ऐकायला मिळाला नाही. तुमचा कुठल्या कंपनीचा सेट होता?

चाकण_फिटर
धागा भरकटतोय. भोक पाडायचं ठरलं का?

व्हीयू_छंदी
माझं मत विचाराल तर हॅम रेडिओ (हौशी लोकांचा वायरलेस) शिका. परीक्षा द्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्स कोड लागत नाही, बारा वर्षांचं पोरही बसू शकतं. गाडीत १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा सेट टाकला की दर मिनिटाचे पैसे नाहीत. बिल आलं की कळेल मी काय म्हणतो ते.

निवृत्त_दूरसंचार
छंदी, हॅम चांगलंच आहे, पण बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा. गावातल्या आजीला सेट देता येणार नाही. शिवाय दरीच्या तळातून तुमच्या सेटच्या व्हीएचएफ लहरी डोंगर ओलांडत नाहीत, मध्ये उंचावर आवाज पुढे पाठवणारा रिपीटर लागतो.

बाणेर_नवा
थोडं थांबा ना. स्टारलिंकच्या सॅटेलाइट इंटरनेटला जून २०२५मध्ये परवाना मिळालाय. एकदा सेवा आली की हे सगळं जुनं होईल.

भोर_ते_महाड
दरड थांबेल का तोवर?

नाना_पेठ_स्पेअर
वायर घालाल ती लोखंडी फ्लेक्झिबल पाइपातून घाला. आमच्या पार्किंगमध्ये उंदरांनी तीन गाड्यांचं वायरिंग खाल्लं, त्यात माझ्या गाडीत बसवलेल्या जीपीएसची केबलही गेली. दुकानदार म्हणाला उंदीर वॉरंटीत येत नाही. नव्या गाडीची गोष्ट आहे ही.

पानशेत_माहेर
समाजमंदिराबद्दल लिहिते. आमच्या गावी शाळेवर टीव्हीच्या अँटेनासाठी पाइप उभा केला होता, अर्थिंग न करता. मे महिन्यातल्या वळवात वीज पडली. टीव्ही तर गेलाच, भिंतीवरचा स्विचबोर्ड जळून काळा ठिक्कर पडला. शाळेला सुट्टी होती म्हणून पोरं वाचली. स्लॅबवर पाइप उभा कराल तर आधी खड्डा घ्या, तांब्याची पट्टी, मीठ-कोळसा, सगळं. पाइपाचं आणि इमारतीचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं. केबल आत येते तिथे विजेचा झटका अडवणारा सर्ज अरेस्टर बसवा. आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पाणी त्या झोक्यावरून गळेल, भिंतीत शिरणार नाही. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. साधी काळी टेप एका पावसात सुटते.

चाकण_फिटर
पानशेत ताई बरोबर बोलतायत. ही सगळी कामं जोडली तर बजेट लाखाकडे जातंय, मी आधीच म्हटलं होतं. पण एकदाच होईल आणि पक्कं होईल.

घाटमाथा_वेल्हे
सगळ्यांचे मनापासून आभार. रोहिणीताई, आंब्याचं तुम्ही म्हणालात म्हणून रविवारी फोन घेऊन गावात गेलो. समाजमंदिराच्या ओट्यावर काहीच नाही, स्लॅबवर चढलो तरी एक काडी येते-जाते. तिथून वीस पावलांवर शाळेचं पटांगण आहे, तिथे फोन उघडला आणि मिनिटभरात पूर्ण सिग्नल. झाड तोडणार नाही, त्याखाली गावाचा देव आहे.

येताना गाडीत आमच्यात वाद झाला आणि शेवटी जे ठरलं ते तुम्हाला आवडणार नाही. गाडीत काहीच बसवत नाही. समाजमंदिरावरही नाही. फोन पेटीत ठेवतो.

कारण सांगतो. माळीणला ३० जुलै २०१४ला डोंगर खाली आला, दीडशे माणसं गेली. ती बातमी आधी बाहेर नेली ती एसटीच्या चालकाने, कारण गाव असायला हवं तिथे त्याला गाव दिसलं नाही. इर्शाळवाडीला २०२३मध्ये रात्री दरड आली, मदत घेऊन जाणारे अंधारात चिखलातून पायी चढले, वर गाडी जातच नव्हती. आमचा अनुभवही तोच आहे. मागच्या वर्षी आमची बोलेरो वाहून गेलेल्या मोरीच्या अलीकडे उभी होती आणि माणूस पलीकडे दीड तासाच्या चालीवर. छताला भोक पाडून पक्का बसवलेला फोन त्या मोरीपाशीच राहिला असता.

म्हणून पाणी न शिरणारी प्लॅस्टिकची पेटी, आत फोन, यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी, चार्जर, मॅग्नेटची छोटी अँटेना तिच्या स्वतःच्या केबलसह, आणि परवानगीच्या पत्राची प्रत. कंपनी म्हणते नुसता चालू ठेवला तर फोन १६० तास टिकतो, बोलत राहिलं तर ८ तास. या बॅटरीवर तो चार वेळा तरी भरेल. गाडीत असताना अँटेना बॉनेटवर, कॅरिअर काढायची गरज नाही. भोरकरांनी सांगितली तशी फ्यूज लावलेली वायर मात्र गाडीत घालून घेतोय, पेटी चार्ज करायला. उंदरांसाठी लोखंडी पाइपही. सगळं २६ हजारांत बसतंय.

चाकण_फिटर
बॉनेटवर अँटेना म्हणजे पहिल्या खड्ड्याला खाली. पटत नाही मला. पण वायरिंग करायचं असेल तर गाडी शनिवारी चाकणला आणा, मजुरी घेणार नाही.

निवृत्त_दूरसंचार
पेटी कुणाच्या ताब्यात राहणार ते लिहून ठेवा. संस्थेने ज्यांची नावं कळवली असतील त्यांनीच फोन हाताळावा.

घाटमाथा_वेल्हे
हो काका. गावात आमची एक कार्यकर्ती कायम राहते, तिचं नाव संस्थेने दिलेल्या यादीत आहे. जून ते सप्टेंबर पेटी तिच्याकडे, एरवी पुण्यात. आणि चाकण फिटर, शनिवारी नक्की येतो.

रोहिणी_आरएफ
एक राहिलं. तिला बोलायचा सराव द्या. आवाज उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला तेवढंच पुन्हा. घाबरलेला माणूस मध्येच बोलतो आणि दोघांचंही तुटतं. वाक्य संपलं की थांबायचं, आणि पहिल्या वाक्यात गावाचं नाव.

घाटमाथा_वेल्हे
पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय. सगळ्यात वर गावाचं नाव, मग किती माणसं, मग रस्ता कुठपर्यंत चालू. पटांगणात उभं राहायच्या जागी पांढऱ्या रंगाने फुली मारलीय. काल रात्री साडेनऊला तिने एकटीने अंधारात जाऊन मला सिंहगड रोडला फोन लावला. पाऊस जोरात होता, त्याचा आवाज मला इथे ऐकू येत होता.