बोलायला चिनी माणूस नाही, मग हर्णैत बसून चिनीचा सराव कसा करायचा?

खाडीकाठ:
पिनयिन (रोमन अक्षरांत चिनी उच्चार लिहायची पद्धत) आणि जुन्या एचएसकेच्या, म्हणजे चिनी भाषेच्या परीक्षेच्या, पहिल्या पायरीचे १५० शब्द झालेत. वाचलेलं कळतं, ऐकलेलं निम्मं निसटतं आणि तोंड उघडलं की सगळं एकाच सुरात. इथे बोलायला चिनी माणूस मिळणार नाही. पावसात नेट आणि लाइट दोन्ही बेभरवशाचे. मोकळा वेळ अर्धा तास, बाकी बाजार, एसटी, घरकाम. त्यात बसेल असं सांगा. 'चिनी सिनेमे बघा' सोडून.

सुरमई:
आधी जीभ. मराठी माणसाला इथे बरंच फुकट मिळालंय, पण इंग्रजीतून शिकताना ते वाया जातं. पिनयिनमधला 'बी' हा ब नव्हेच, तो आपला प. 'पी' म्हणजे ओठ पूर्ण मिटून सोडलेला फ, फॅनमधला नव्हे. तसंच 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'झेड' म्हणजे चमच्यातला च आणि 'जे' म्हणजे चहातला च. हा फरक इंग्रजीवाल्यांना महिनोन्महिने कळत नाही, आपण तो रोज बोलतो. 'क्यू' हा छत्रीतला छ, 'एक्स' हा शिंपल्यातला श. 'एसएच'ला जीभ ळ म्हणताना वळते तशी वळवा, म्हणजे खरा ष येतो.

तपासायला कढीलिंबाचं पान ओठांपुढे चार बोटांवर धरा. 'पाओ१' (वाफवलेला पाव; आकडा म्हणजे चार सुरांपैकी कितवा) म्हणताना ते स्थिर राहायला हवं, 'फाओ३' (धावणे) म्हणताना हललं पाहिजे. दोन्हीकडे हललं तर तुम्ही प जास्त जोराने फेकताय.

सूर सुटे घोकू नका, बिघडतात ते जोडीत. चार सुरांच्या १६ जोड्या, शिवाय शेवटी हलका सूर असलेल्या ४, अशा २० जोड्या. प्रत्येकीला ओळखीचा एकेक शब्द लावून तीच यादी रोज म्हणा, पाच मिनिटं पुरे. तिसऱ्या सुरापुढे तिसराच आला की आधीचा दुसऱ्या सुरासारखा चढतो. एरवी वाक्याच्या मध्ये तिसरा नुसता खाली राहतो. पुस्तकातला खाली जाऊन वर येणारा बाक तिथे काढला की वाक्य अडखळतं. आणि आपली खोड: प्रश्न विचारताना शेवटचा शब्द वर ओढणं. चिनीत ते काम वाक्याच्या शेवटी येणारा 'मा' करतो. त्याआधीचा चौथा सूर पडलाच पाहिजे.

एमएच०८वाला:
माझ्या मते सुरांइतकंच आकड्यांकडे बघा, कारण आकडे आपल्याकडे दिवसभर समोर असतात. एसटीच्या खिडकीतून गाड्यांचे नंबर वाचा: आधी एकेक अंक, मग चार अंकांची अख्खी संख्या. दोन ठिकाणी हमखास गाडी अडते. आपण 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी घेतो, चिनीत 'चार-दहा-सात', सि४ षि२ छि१. दुसरं, लाख नाही. एकक दहा हजारांचं, 'वान४'. १ लाख म्हणजे षि२ वान४, १ कोटी म्हणजे यि४ छिएन१ वान४, हजार वेळा दहा हजार. मासळीच्या लिलावात पुकारलेला आकडा तीन सेकंदांत मनात चिनीत आला तर जमलं समजा. सि४ (चार) आणि षि२ (दहा) यांत गफलत झाली तर भाव अडीचपट होतो, एवढं ध्यानात ठेवा.

वजन तर आयतंच. 'जिन१' म्हणजे चीनमधला अर्धा किलो. पाव किलो कोळंबी म्हणजे पान४ जिन१, किलोभर म्हणजे ल्यांग३ जिन१. मासा मोजायला 'थ्याओ२' लागतं. लांबट, वळणाऱ्या वस्तूंचं हे मोजपद (आकडा आणि वस्तू यांमध्ये घालायचा शब्द), म्हणून रस्ता, नदी, पँट सगळ्यांना तेच. आंब्याची पेटी: यि४ श्यांग१ मांग२कुओ३. मोजपद गाळून 'एक मासा' म्हणाल तर अर्थ कळेल, पण कानाला खडा लागतो.

विकत घेणे माय३, विकणे माय४. बाजारात उभं राहून दोन्ही बाजूंचं बोलणं मनात चालवा.

खाडीकाठ:
मग उच्चार देवनागरीत लिहून ठेवू? वर तुम्ही दोघांनी लिहिलेतच.

उधाण_भांग:
व्यंजनांपुरतं ठीक, स्वरांना देवनागरी फसवते. 'सि' आणि 'षि' मधला स्वर इ नाहीच. व्यंजन धरून तसाच आवाज लांबवायचा. शिवाय फ लिहिलात की आठवड्याने तो फॅनचा वाचला जाणार. वही पिनयिनमध्येच ठेवा, वर सुराची खूण.

नेटचं म्हणाल तर प्लेको हा शब्दकोश एकदा उतरवला की नेटशिवाय चालतो, बोटाने अक्षर काढूनही शोधता येतं. सराव म्हणून चिनी बनावटीच्या एलईडी दिव्याचा किंवा यंत्राच्या सुट्या भागाचा खोका घ्या. 'श्याओ३शिन१' दिसेल, शब्दशः छोटं मन, म्हणजे जपून. डावीकडे पाण्याचे तीन थेंब असलेली अक्षरं वेगळी काढा: समुद्र, नदी, तळं, धुणं, भरती. भरतीवरून आठवलं, उधाणाला 'ता४छाओ२' म्हणजे मोठी भरती आणि भांगाला 'श्याओ३छाओ२', छोटी (दोन्हीकडे छ जीभ वळवून). चिनी चांद्रमहिना अमावस्येच्या चंद्रापासून सुरू होतो, त्यामुळे त्यांचा 'षि२वू३', पंधरावा दिवस, आपल्या पौर्णिमेच्या आसपासच येतो. कालनिर्णय बघून रोज तारीख चिनीत म्हणा.

फोनवर बोलून टाइप करायच्या सोयीवर विसंबू नका. संदर्भावरून ती तुमचा चुकलेला सूर दुरुस्त करून टाकते आणि तुम्हाला वाटतं, जमलं. त्यापेक्षा अर्धं मिनिट आवाज ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर मनातला सूर ऐकू येतो, तोंडातला नाही.

खाडीकाठ:
उद्यापासून पान आणि गाड्यांचे नंबर. जाता जाता, म्हाकुलाला काय म्हणतात?

सुरमई:
मो४यु२, शाईमासा. पण इथला 'यु' आपला यु नव्हे. ई म्हणा आणि जीभ न हलवता फक्त ओठ गोल करा.