उन्हाळ्यात लाईट बिल ४०० युनिटच्या वर (सांगली): आधी बचत की थेट सोलर? आणि २ किलोवॅट की ३?

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी. घर सांगलीत गावभागात, तळमजला आणि वर एक मजला. माणसं सहा, महावितरणचं एकच सिंगल फेज मीटर. मागच्या वर्षाचे युनिट असे: मार्च ३५०, एप्रिल ४१५, मे ४३०, जून ३४०, जुलै ते ऑक्टोबर दर महिना साधारण २७०, नोव्हेंबर २६०, डिसेंबर ते फेब्रुवारी २९०. वर्षाचे ३,७४५.

पाच पंखे, सगळे जुने. फ्रीज १२ वर्षांचा. गिझर १५ लिटरचा. एसी नाही, दोन कूलर आहेत.

पीएम सूर्यघर योजनेतून सोलर बसवायचा विचार आहे. एजन्सीवाले म्हणतात ३ किलोवॅटच घ्या, ७८,००० अनुदान पूर्ण पदरात पडेल. शेजारी म्हणतात सोलर कशाला, वरच्या मजल्याला दुसरं मीटर घ्या, आपोआप खालचा टप्पा लागेल. बिल अजून वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. २०१९ च्या पुरात तळमजल्यात कमरेच्या वर पाणी होतं, त्यामुळे सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी करणारा) कुठे बसवावा हेही सांगा.

---

मिरज_इलेक्ट्रिकल

दादा, सोलरचं नंतर बघू, आधी टप्पे समजून घ्या. घरगुती बिलात ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या पुढे असे चार टप्पे. म्हणजे तुम्ही वाचवलेला युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यातला असतो.

२०२४-२५ च्या दरांनी हिशोब मांडतो. वीज आकार पहिल्या शंभराला ४.७१, पुढच्या दोनशेला १०.२९, त्यापुढे १४.५५ रुपये. प्रत्येक युनिटवर वहन आकार १.१७, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे ३०० च्या वरचा युनिट पडतो १८.२४ रुपयांना, १०१-३०० मधला १३.२९ ला आणि पहिल्या शंभरातला ६.८२ ला. इंधन समायोजन आकार यात धरलेला नाही. दर त्यानंतर बदललेत, म्हणून स्वतःच्या ताज्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशोब करा. चढण मात्र तशीच आहे: वरचा युनिट खालच्याच्या अडीच पटीच्या आसपास.

आता पंखे. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा फुल स्पीडला ३० च्या आसपास. फरक ४५ वॅट. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट, पाच पंख्यांचे ८१. तुमच्या एप्रिलच्या ४१५ मधून ८१ गेले की ३३४ उरले, आणि ते ८१ च्या ८१ युनिट १८ रुपयांवाले. नुसत्या एप्रिलमध्ये १,४७० रुपये! पावसाळ्यात आणि हिवाळ्यात फायदा कमी, तरी पाच पंख्यांचे १५,००० धरले तर साधारण दीड वर्षात वसूल. एवढ्या लवकर सोलरचे पैसे फिटत नाहीत.

बसवताना एक चूक सर्रास होते. रिमोटचा बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरमधून तसाच जोडतात. मग पंखा गुणगुणतो, मध्येच बंद पडतो आणि शेवटी आतली प्लेट जळते. रेग्युलेटर बायपास करून फक्त स्विचवर घ्या, तसं वायरमनला समोर उभं राहून सांगा. पंख्यांवर स्टार लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे. बिनलेबलचा स्वस्त माल हातात घेऊ नका.

फ्रीजचं तुम्हीच मोजा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असं काहीतरी छापलेलं असतं. घरातलं सगळं बंद करा, फक्त फ्रीज चालू ठेवा आणि १० मिनिटं लुकलुक मोजा. सगळे एमसीबी पाडूनही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि बोर्डाच्या मधल्या वायरीत गळती आहे किंवा तिथून कुणी तरी लाईट घेतलीय. ते आधी शोधा.

---

कृष्णाकाठ_सोलर

वरच्या हिशोबाशी पूर्ण सहमत. सोलरची साईज पंखे बदलल्यानंतरच्या वापरावर ठरवा. पंख्यांतून वर्षाला ७०० च्या आसपास आणि फ्रीज बदललात तर आणखी दोनेकशे युनिट जातील. म्हणजे तुमची गरज उरली २,८५० च्या जवळपास.

आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. जून ते सप्टेंबर कमी, फेब्रुवारी ते मे जास्त. ५४० वॅटची चार पॅनेल म्हणजे २.१६ किलोवॅट, धूळ वगैरे वजा जाता वर्षाला २,८०० ते २,९०० युनिट. तुमचं भागलं. ३ किलोवॅटला (सहा पॅनेल, ३.२४) ४,२०० च्या वर होतील, म्हणजे चौदाशेक युनिट जास्तीचे.

ते जास्तीचे कुठे जातात, हे एजन्सीवाले सांगत नाहीत. नेट मीटरिंगमध्ये (घेतलेल्या युनिटमधून तुम्ही पाठवलेले वजा करून बिल) शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात खरे, पण ३१ मार्चला खातं बंद होतं. उरलेले युनिट महावितरण वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि तो दर तुमच्या बिलातल्या दरापेक्षा खूप कमी असतो. आता वर्ष डोळ्यासमोर आणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन चांगलं, पंखे बंद, युनिट साठतात. ३१ मार्चला ते स्वस्तात जातात. आणि एक एप्रिलला तुमचे सगळ्यात जड दोन महिने शून्य शिलकीवर सुरू होतात. हिवाळ्यातले युनिट मे महिन्यात कामाला येतील, या आशेवर मोठा प्लँट घेऊ नका.

अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला फक्त १८,०००. तीनच्या पुढे काहीच नाही, म्हणून ७८,००० ही कमाल. तिसरा किलोवॅट हा असा सगळ्यात कमी अनुदानाचा आणि तुमच्या घरात सगळ्यात कमी उपयोगाचा. शिवाय पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतली जी क्षमता कमी, ती अनुदानाला धरतात. ३.२ किलोवॅटची पॅनेल आणि २ चा इन्व्हर्टर असं कोटेशन आलं तर अनुदान दोनचंच मिळेल.

---

गच्चीवरून

वरच्या उत्तराला एक पुरवणी. घरात गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक करायची तयारी असेल, तर ३ किलोवॅट चुकीचा नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता १८० युनिटच्या आसपास, पण शेगडीवर निम्म्याहून थोडीच जास्त भांड्याला लागते. इंडक्शनवर तेच काम साधारण १२० युनिटमध्ये होतं. तुमचे चौदाशे जास्तीचे युनिट म्हणजे अकरा-बारा सिलिंडर, सहा माणसांच्या घराचं वर्ष. मात्र सोलरशिवाय इंडक्शन लावलंत तर हे १२० युनिट १३ ते १८ रुपयांच्या टप्प्यांत पडतील, सिलिंडर परवडला म्हणायची वेळ येईल. भाकरी गॅसवरच होणार, तेव्हा अकरा नाही, सात-आठ धरा. इलेक्ट्रिक स्कूटर घेणार असाल तर तीही याच हिशोबात घाला.

घरात आधी बोला, मग ठरवा. ठरत नसेल तर २ घ्या आणि स्ट्रक्चरला आणखी दोन पॅनेलची जागा सोडा.

दुसऱ्या मीटरचा सल्ला सोडून द्या. वेगळं मीटर वेगळ्या बिऱ्हाडासाठी असतं: वेगळी वायरिंग, वेगळं स्वयंपाकघर, घरपट्टीला वेगळी नोंद. तपासणीत दोन्ही मीटरवर एकच चूल निघाली तर वापर एकत्र धरून फरकाचं बिल येऊ शकतं. भाऊ खरोखर वेगळे राहत असतील तर जरूर घ्या, पण मग गच्ची कुणाची हे लेखी करून ठेवा.

---

कराडचा_वायरमन

कागद आणि जोडणीचं सांगतो.

सगळ्यात आधी नावबदल. महावितरणच्या पोर्टलवर अर्ज, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं ना-हरकत, घरपट्टीची पावती. सूर्यघरच्या पोर्टलवर १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकला की बिलावरचं नाव येतं. ते नाव, आधार आणि बँक खातं जुळलं नाही तर प्लँट चालू होऊनही अनुदान अडकून राहतं. त्यामुळे नाव बदलून नवं बिल हातात आल्यावरच अर्ज करा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. अर्ज, पोर्टलवरच्या यादीतली एजन्सी, करार, जोडणी, नेट मीटर, तपासणी, मग खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक, हा क्रम. योजनेत एजन्सीने पाच वर्षं देखभाल करायची असते, करारात ते वाक्य आहे का बघून मगच सही करा.

पॅनेल गच्चीवर चढवायच्या आधी मागचं स्टिकर बघा. अनुदानाला डीसीआर पॅनेल लागतात, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतात बनलेले. बिगर-डीसीआर स्वस्त पडतात, म्हणून माल बदलला जातो. प्रत्येक पॅनेलच्या सिरियल नंबरचा फोटो काढा आणि डीसीआर प्रमाणपत्राशी ताडून बघा. एकदा स्ट्रक्चरवर बसलं की खाली वाकून कुणी बघत नाही.

तोंड दक्षिणेला, उतार १५ अंशांच्या आसपास. पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला पॅनेल लावू देऊ नका. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारी सूर्य ५० अंशांवरच असतो, पाच फुटी टाकीची सावली चार फुटांच्या वर जाते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. एका पॅनेलवर सावली पडली की ओळीतल्या बाकीच्यांनाही फटका बसतो. धुताना बोअरचं पाणी नको, पांढरे डाग धरतात. सकाळी लवकर, नळाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसा.

अर्थिंगचे खड्डे तीन: डीसीचा, एसीचा आणि वीजरोधकाचा (आकाशातून कोसळणाऱ्या विजेसाठी). एकाच खड्ड्यात तिन्ही बांधून मोकळे होणारे बरेच आहेत.

पुराचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या घरात कमरेच्या वर आलं, म्हणून इन्व्हर्टर आणि डीसी बॉक्स दोन्ही जिन्याच्या खोलीत गच्चीच्या पातळीला. एजन्सी वायर वाचवायला मीटरशेजारी बसवायला बघेल, ऐकू नका. खाली फक्त मीटर आणि एसीची वायर येऊ दे. पाणी चढायला लागलं की आधी एसीचा मेन, मग वरचा डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करा. तरीही लक्षात ठेवा, ऊन असेपर्यंत पॅनेलमधून आयसोलेटरपर्यंत वीज असतेच. चार पॅनेलची मिळून दोनशे व्होल्ट डीसी, ती माणसाला सोडत नाही. पाणी ओसरल्यावर भिजलेला बोर्ड वायरमनने बघितल्याशिवाय चालू करायचा नाही.

आणि हा प्लँट लाईट गेली की बंद पडतो. लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तो तसा बनवलेला असतो. बॅकअप हवा असेल तर तो वेगळा खर्च.

---

मिरज_इलेक्ट्रिकल

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत आहे, त्यांनी राज्याची 'स्मार्ट' योजना बघावी. १ किलोवॅटला केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे सर्वसाधारण गटाला १०,०००, अनुसूचित जाती-जमातींना १५,००० आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना १७,५०० मिळतात. प्रथम येणाऱ्याला प्राधान्य आहे. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत हे पोचत नाही, तेव्हा घरकामाच्या मावशी, गल्लीतले भाजीवाले यांना कृपा करून सांगा आणि अर्ज भरून द्या.

नेट मीटर बसल्यावर पहिली दोन-तीन बिलं नीट तपासा. आयात, निर्यात आणि मागची शिल्लक हे तीन आकडे मीटरशी जुळले पाहिजेत. दोन-तीन महिने सरासरीने बिल येऊन साचलेलं रीडिंग एकदम लावलं असेल, तर ते महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ लेखी मागा. ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, सांगलीसाठी कोल्हापूर परिमंडळाचा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. त्यांचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल.

---

गावभाग_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी पंखे आणि नावबदल, मग २ किलोवॅट, असं ठरवतोय. फ्रीजची लुकलुक मोजली: १० मिनिटांत ११०, मीटरवर ३२०० लिहिलंय. हे जास्त आहे का?

---

मिरज_इलेक्ट्रिकल

११० भागिले ३२००, म्हणजे १० मिनिटांत ०.०३४ युनिट, साधारण २०५ वॅट. घरगुती फ्रीजच्या कॉम्प्रेसरला हे जास्तच आहे. पण लगेच नवा घेऊ नका. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर रबर गेलंय, ते आधी बदला. मागची जाळी ब्रशने झाडा, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, फ्रीझरमधला बर्फ वितळवा. मग कॉम्प्रेसर चालू असताना परत मोजा, आणि तासाभरात तो किती मिनिटं बंद राहतो तेही लिहून ठेवा. बंदच होत नसेल तर थर्मोस्टॅट किंवा गॅस. तो आकडा इथे टाका, मग बदलायचा की नाही ते सांगतो.