फायटो रोज घालायचे ते नेमके कोणासाठी?

खारा कोपरीकर (ठाणे)

आपल्यापैकी ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी आहे, त्यांच्या फ्रीजमध्ये हल्ली कोथिंबिरीच्या चटणीशेजारी एक हिरवी बाटली हमखास दिसते. त्या बाटलीतील वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल), म्हणजे आपल्या बोलीतले फायटो, दर शंभर लिटर पाण्यामागे १० मिलिलिटर या हिशेबाने रोज रात्री टाकीत ओतायचे आणि त्यामुळे प्रवाळ पोसले जातात असे मानायचे, ही प्रथा मला तपासून पाहावीशी वाटते.

माझी टाकी २०० लिटरची आहे. तिच्यात झोअँथिड, मशरूम, एक लेदर (हे तिन्ही प्रवाळांचे प्रकार), दोन क्लाउन मासे आणि पिसाऱ्याचा एक नळीकृमी एवढाच संसार आहे. मी सहा महिने रोज फायटो घातले आणि पुढचे तीन महिने पूर्ण बंद ठेवले. पिसाऱ्याचा कृमी थोडा मलूल झाला असे म्हणता येईल. बाकी कोणाच्याही रंगात, फुलण्यात किंवा वाढीत मला तसूभर फरक दिसला नाही. त्यात नवल नाही, कारण हे प्रवाळ आपल्या पेशींतील सहजीवी शैवालाकडून, म्हणजेच शेवटी दिव्याच्या प्रकाशाकडून, बहुतांश ऊर्जा मिळवतात.

येथे नेहमी १९९५ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनाचा दाखला दिला जातो. तांबड्या समुद्रातील डेंड्रोनेफ्थिया हा मऊ प्रवाळ प्रामुख्याने वनस्पतीप्लवकांवर जगतो, असे त्यात दाखवले आहे आणि ते खरेच आहे. परंतु त्या प्रवाळात सहजीवी शैवाल नसते, त्याचे पोट सतत वाहत्या, प्लवकांनी भरलेल्या पाण्यावर भरते, आणि नेमक्या याच कारणामुळे तो घरच्या टाकीत उपाशी मरतो. त्याच्यावरून लेदरचा आहार ठरवणे म्हणजे बकरी पाला खाते म्हणून मांजरालाही पाला घालण्यासारखे आहे.

नेरूळचा प्लवक

आपण प्रश्नच चुकीच्या प्राण्याला विचारला आहे. मी फायटो प्रवाळांना घालत नाही, मी ते कोपेपॉडांना घालतो. दगडांच्या फटींत, वाळूत आणि मागच्या कप्प्यातील शैवालाच्या गुंत्यात हे सूक्ष्म कवचधारी जीव वाढतात, त्यांची पिल्ले रात्री पाण्यात उतरतात आणि ती प्रवाळांच्या व माशांच्या तोंडी जातात. माझ्याकडे मँडरिन मासा आहे, जो कोरड्या खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि दिवसभर कोपेपॉड टिपत हिंडतो. फायटोत खंड पडला की दोन-तीन आठवड्यांत त्याचे पोट खपाटीला जाते, हे मी दोनदा अनुभवले आहे.

शिवाय समुद्रात प्रवाळभित्तीवरून जाणाऱ्या पाण्यातील प्लवक वाटेतच कमी होत जातात, कारण स्पंज, शिंपले आणि नळीकृमी ते गाळून घेतात. ही गाळणारी मंडळी आपल्या दगडांवरही न मागता येऊन बसलेली असतात. त्यांना काय द्यायचे, याचे उत्तर आपल्या लिखाणात मला आढळले नाही.

घणसोलीची टाकी

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. गेल्या मे महिन्यात मी घरपोच मागवलेली बाटली दिवसभर उन्हात फिरून संध्याकाळी माझ्या हाती आली. झाकण उघडताच कुजका वास आला, तरी पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मी ती वापरली, आणि तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. विक्रेत्याने हात वर केले, तो भाग वेगळा. माझे म्हणणे असे की फायटो म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेटचे पाणी, आणि ते रोज ओतून नंतर काचेवरचे शेवाळ खरवडत बसण्यात शहाणपण नाही. आपली ठाण्याची खाडी हिरवट, गढूळ आणि पोषक आहे, म्हणून तेथे रोहित पक्ष्यांची चंगळ होते. पण प्रवाळ स्वच्छ, पोषणद्रव्यांची टंचाई असलेल्या पाण्यात वाढतात, खाडीत नव्हे.

वर्तकनगर रसायन

वास येणारी बाटली वापरणे ही चूक होती, तिचा दोष फायटोवर लादणे योग्य नाही. जिवंत फायटो फ्रीजमध्ये ठेवावे लागते आणि रोज हलवावे लागते, कारण पेशी तळाशी बसल्या की तेथेच गुदमरून मरतात.

फॉस्फेटची भीती मात्र आकड्यांत मोजून पाहू. फायटो वाढवण्यासाठी प्रचलित असलेल्या ‘एफ-बाय-टू’ खतद्रावणात मुळात लिटरमागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फेट असते. शैवालाने त्यातले काहीच वापरले नाही असे धरले, तरी शंभर लिटरमध्ये १० मिलिलिटर म्हणजे दहा हजारपट सौम्य द्रावण. महिनाभर रोज घालून फॉस्फेट वाढेल ते ०.०१ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. याउलट २०० लिटरच्या टाकीत अर्धा ग्रॅम कोरडे खाद्य घातले आणि त्यात फॉस्फरस एक टक्का धरला, तर ते सगळे विरघळल्यावर एकाच दिवसात ०.०७ पीपीएमहून अधिक फॉस्फेट होते. म्हणजे एका दिवसाचा हिशेब मांडला तर माशांचे खाद्य फायटोच्या दोनशेपट भारी पडते. हे घरी वाढवलेल्या पातळ फायटोबद्दल झाले. बाजारात मिळणारा दाट लगदा मात्र थेंबांनीच मोजावा.

खारा कोपरीकर

रसायनवाल्यांचे आभार, कारण त्यांनी माझी बाजू नकळत बळकट केली आहे. जे इतके थोडे आहे की त्याने पाणी बिघडत नाही, ते इतके थोडेही आहे की त्याने कोणाचे पोट भरत नाही. नॅनोक्लोरॉप्सिस या फायटो-शैवालाच्या चांगल्या दाटीच्या द्रावणात मिलिलिटरला तीन कोटी पेशी धरू आणि एका पेशीचे कोरडे वजन सहा पिकोग्रॅम धरू. माझे रोजचे २० मिलिलिटर म्हणजे साठ कोटी पेशी. आकडा मोठा वाटतो, पण वजन भरते साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास. अर्ध्या ग्रॅम खाद्यापुढे ते एक टक्काही नाही. फायटो नायट्रेट शोषून पाणी शुद्ध करते असेही काही जण सांगतात, तो दावाही याच तराजूत मोडून पडतो.

नेरूळचा प्लवक

वजन बरोबर आहे, पण तराजू चुकला आहे. दोन-तीन मायक्रॉनच्या पेशी गाळणाऱ्या जिवाला खाद्याचा गोळा दिसतही नाही; त्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते पाण्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किती पेशी आहेत याला. आपल्याच आकड्यांनी ते प्रमाण तीन हजार येते. प्रवाळभित्तीजवळच्या समुद्रात एवढ्याच आकाराचे सूक्ष्म प्लवक मिलिलिटरला दहा हजारांच्या घरात आणि त्याहूनही जास्त असतात. म्हणजे आपण समुद्रापेक्षा कमी, पण त्याच्या जवळपास जाणारे पाणी काही तास देतो. ‘काही तास’ हा शब्द महत्त्वाचा, कारण आपला स्किमर (फेस करून पाण्यातील घाण कपात गोळा करणारे यंत्र) आणि अतिनील दिवा चालू असेल तर बरेचसे फायटो कोणाच्याही पोटात न जाता थेट कपात जाते किंवा मरते. आपल्या सहा महिन्यांच्या प्रयोगात स्किमर चालू होता की बंद?

खारा कोपरीकर

चालू होता. हे मला आधी लिहायला हवे होते.

तरीही प्रवाळांच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही. मँडरिन किंवा नळीकृमी पाळणाऱ्याने फायटो जरूर घालावे. केवळ झोअँथिड आणि मशरूम ठेवणाऱ्याला, आणि आपल्याकडे बहुतेक जण तेच ठेवतात, कारण सर्व कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहेत, ही बाटली विकणे मला अप्रामाणिक वाटते.

नेरूळचा प्लवक

विकणाऱ्यांबद्दल मी आपल्याशी सहमत आहे, म्हणूनच मी विकत घेत नाही. दोन लिटरची सोड्याची बाटली, हवेचा पंप, खत आणि सोळा तास साधा एलईडी एवढ्यावर काम भागते. मे महिन्यात मात्र खोलीचा पारा चढला की बाटली पिवळी पडून बसते, म्हणून एक बाटली नेहमी फ्रीजमध्ये राखून ठेवावी. येत्या रविवारी मी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येतो आहे, ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा लिटर घेऊन येईन. ते घातल्यावर दोन तास स्किमर बंद ठेवा, आणि महिन्याभराने दिवे मालवल्यावर विजेरी घेऊन काचेवरचे कोपेपॉड मोजा. आजचा आकडा मात्र आधी लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

खारा कोपरीकर

आज रात्री मोजले. समोरच्या काचेवर, एका हाताच्या पंजाएवढ्या जागेत, चार. रविवारी फलाट क्रमांक दहावर थांबतो.